मेव्हण्याची किडनी

१९८६ साल. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, बायको छत्तीसची. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मुंबईत तिच्या थोरल्या भावाने आपली एक दिली. ऑपरेशन झालं, ती जगली. सहा महिने तिथेच काढून आम्ही लांज्याजवळ आमच्या गावी परत आलो. मी चौथी शिकलेला माणूस, झालं तसं लिहितो.

गोळ्यांनी तिचं तोंड सुजून गोल झालेलं, ओठावर लव आलेली. शेजारणी बघून जायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं म्हणजे कशाचंच वाटत नव्हतं. गुरांचं करायचं, कलमांना पाणी घालायचं, पडवीत जाऊन झोपायचं.

एका सकाळी मी चहा मागितला, तर ती मागच्या दारातूनच म्हणाली, "आज हातानं करून घ्या. मी बाजूला बसलेय."

दोन वर्षं तिची पाळी बंद होती. मला वाटलं, टाके उसवले. "रक्त किती जातंय गो? मुंबईला जाऊया?"

ती हसली. "अवो, बाईला जातं तसंच जातंय. बरी झाले मी."

पाचव्या दिवशी न्हाली. संध्याकाळी माझी वळकटी पडवीतून उचलून तिने माजघरात आपल्या शेजारी घातली. मी ती उचलून परत पडवीत नेली.

"तोंड बघवत नाय माझं?"

"तसं नाय."

"मग कसं?"

शेवटी बोललो. "तुझ्या भावाची किडनी आहे आत. मेव्हणा मध्ये निजल्यासारखं वाटतं."

"दादानं मला जगायला दिलीय, सोवळ्यात ठेवायला नाय," ती म्हणाली. "तुम्हाला मी नको असेन तर सांगा. माहेरी जाऊन राहते. तिथं निदान नुसती बहीण असेन."

मी पडवीत जाऊन आडवा झालो. मी सहसा माघार घेत नाही.

पुढच्या महिन्यात तपासणीला मुंबईला गेलो. तिने डॉक्टरबाईंना माझ्यासमोरच विचारलं, "आम्ही नवराबायको म्हणून जवळ आलो तर चालेल?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

"दोन महिन्यांनीच चाललं असतं," बाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं नाही?"

कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. नवी किडनी पोटात खालच्या बाजूला बसवलेली असते, तिथे भार टाकू नका. कोरडं वाटलं, दुखलं, तर लाजू नका, येऊन सांगा. पाळी आली म्हणजे दिवसही राहतील, पण एवढ्यात नको, दोन वर्षं तरी थांबा. तांबी बसवायची नाही, जंतू लागतील. निरोध वापरा.

घरी पोचलो तशी बायको म्हणाली, "विचारायचं ते मी विचारलं. आणायचं ते तुम्ही आणा. नाय आणलंत तर मी समजेन, आणि पिशवी भरेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लांज्याच्या एस.टी.साठी जाऊन उभा राहिलो. लांज्यात मला कोणी ओळखलं नसतं. एस.टी. आली. मी चढलो नाही. चालत आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कंपाउंडर आमच्याच वाडीतला. बाकावर पोरांना घेऊन बायका बसलेल्या. मी निरोध मागितले.

"काका, कोणासाठी?" त्याने हळूच विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी," मी म्हणालो, आणि पाकिटं हातात धरून त्या बायकांसमोरून घरी आलो.