पांढऱ्या डोक्याचे किडे

डॉ. सुधीर गुप्ते ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. डॉक्टरेट मिळाल्यापासून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दारावरची स्वतःच्या नावाची पाटी मात्र ते दर सोमवारी विश्राम शिपायाकडून पुसून घेत. त्यांच्या हाताखाली सरोज प्रधान पाच वर्षं हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होती. १९८८च्या जानेवारीत विद्यापीठाची समिती यायची होती. सरोजचा प्रयोग समितीला पटला तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी.

प्रयोग चपट्या कृमींचा. येऊरच्या ओढ्यातले दगड उलटून तिने ते स्वतः गोळा केलेले. नखाएवढा तपकिरी किडा ब्लेडने मधोमध कापला, की आठ-दहा दिवसांत शेपटीकडच्या तुकड्याला नवं डोकं येतं, डोळ्यांसकट. माणसाची खोल जखम व्रण ठेवून बुजते; बोट तुटलं तर तुटलंच. या किड्याच्या अंगात मात्र हव्या त्या प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात आणि त्याच नवा भाग घडवतात. आपल्याला हे का जमत नाही, ते अशा साध्या जिवाकडूनच कळेल, असं सरोजचं म्हणणं. गुप्त्यांचं म्हणणं, किडे हडकुळे दिसतात.

“प्रधानबाई, उपाशी ठेवलेत की काय यांना?”

“हो सर. डोकं येईपर्यंत खायला द्यायचं नसतं. पाणी नासतं.”

“अहो, पाहुण्यांसमोर असा दुष्काळ मांडणार?”

शनिवारी ती गेल्यावर शुद्ध शाकाहारी गुप्त्यांनी विश्रामला खाटकाकडे पिटाळलं आणि नाकाला रुमाल लावून कापलेल्या किड्यांच्या प्रत्येक बशीत कलेजीचा तुकडा टाकून घेतला. सोमवारी सकाळी बशांत नुसता गढूळ, घाण मारणारा चिखल होता.

“बाई, मी बोललेलो सरांना,” विश्राम म्हणाला. “पण आपलं कोण ऐकतंय!”

गुप्त्यांनी त्याला टाकीतले न कापलेले किडे स्वच्छ बशांत सोडायला लावले. चिठ्ठ्या जुन्याच: ‘शेपटीपासून वाढलेला’. रविवारची नोंद चुकू नये म्हणून सरोजने कापलेल्या किड्यांची एक बरणी डोंबिवलीला घरी नेली होती, तेवढी वाचली. ती तिने शेजारी मांडली.

अकराला समिती आली. अध्यक्षांनी बशा न्याहाळल्या. “वा! जोड कुठे दिसतच नाही.” मग बरणीकडे वळले. “हे मात्र आजारी वाटतात. डोकी पांढरी पडलीत.”

“टाकायचे राहिले,” गुप्ते म्हणाले. “बाई जरा निष्काळजी आहेत.”

अध्यक्षांनी पेन उघडलं. “बशीतले तुम्हीच कापलेत ना?”

हो म्हटलं की नोकरी कायम. सरोजने तिथल्या सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली. तिला राग आला नाही. या लोकांच्या सहीसाठी आपण पाच वर्षं आशेवर काढली, याची शरम वाटली.

“बशीतले कोणीच कापलेले नाहीत,” ती म्हणाली. “नवं डोकं पांढरंच असतं, रंग मागून चढतो. बी.एस्सी.च्या मुलांना ठाऊक आहे हे.”

गुप्ते चहाचं बघायला बाहेर गेले.

मार्चमध्ये अहवाल आला: प्रयोग समाधानकारक, रोगट नमुने काढून टाकावेत. सरोजचं नाव त्यात नव्हतं. जूनपासून ती डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. बरणी वर्गातल्या खिडकीत होती आणि सगळी डोकी केव्हाच तपकिरी झाली होती.