शुक्रवारची पूजा आणि रोटरी इंजिन

गेल्या शनिवारी सकाळी मी तिरुवैयारुच्या अलीकडे एका राईस मिलच्या शेडमध्ये, एका लाल जपानी गाडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होते. गाडी रोटरी इंजिनची. आपल्याकडे अशी गाडी नुसती बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट.

विकत घेणार होती माझी भाची तुळजा. कोइमतूरला नोकरी करते आणि सुट्टीत रेसिंग. या सीझनला तिला स्वतःची गाडी हवी होती, आणि ही इतकी स्वस्त होती की मला तिथेच संशय आला. मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवलं, म्हणून तपासणी माझ्याकडे. "आत्या, तू नाही म्हणालीस तर नाही. भांडणार नाही," असा शब्द तिने दिला होता... देताना तोंड मात्र भांडायचंच होतं.

गाडी मिलच्या मालकांच्या मुलाने परदेशातून आणलेली. तो आता पुन्हा तिकडेच. मालकांना सगळे ऐया म्हणतात; पंचाहत्तरीचे, लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर विभूती. कागद मी आधी तपासले. सगळे नीट होते.

"एका सेल्फमध्ये चालू होते, अम्मा. बघाच!" म्हणत त्यांनी किल्ली फिरवली. खरंच झाली. तुळजाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल लागला.

मिनिटभरात ऐयांचा हात परत किल्लीकडे गेला. "थांबा! बंद करू नका," मी ओरडलेच. वर्गात ओरडायचे तशी.

"का? आम्ही रोज एवढंच करतो... म्हणजे दर शुक्रवारी." मग त्यांनी अभिमानाने सगळं सांगितलं. दर शुक्रवारी गाडी पुसायची, कापूर लावायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. गाडी चालू करून चार फूट पुढे, लिंबू फुटलं की चार फूट मागे, आणि बंद. "सहा वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही, अम्मा."

मी मनात हिशेब केला, तीनशेहून जास्त वेळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... या इंजिनात पिस्टन नसतो. एक फुगीर त्रिकोण, म्हणजे रोटर, गोल फिरतो (या गाडीत असे दोन), आणि त्याच्या तिन्ही टोकांना पातळ सील असतात. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की जास्तीचं पेट्रोल आतच राहतं आणि सीलवरचं तेल धुऊन टाकतं. म्हणजे या इंजिनाला मारायचं असेल तर नेमकं हेच करावं. तेही दर आठवड्याला, न चुकता.

तरी तपासल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नियम. आम्ही दोघींनी कालव्याच्या रस्त्याने गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, तापू दिली, बंद केली. ऐयांच्या घरून कॉफी आली. ती पिऊन तुळजाने किल्ली फिरवली.

सेल्फ फिरत राहिला. गाडी चालू झाली नाही. थंड असताना लबाडी लपते, गरम झाली की उघडी पडते.

इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, प्लग काढले, तुळजाला सेल्फ मारायला लावला, आणि मी उकिडवी बसून कान लावला. पुढचा रोटर चांगला होता... भक्, भक्, भक्. मागचा, भक्, फुस्, फुस्. टोकाचं एक सील गेलं की त्याच्या दोन्ही बाजू अशाच फुसक्या येतात. तुळजालाही ऐकू आलं. ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. रडायला असेल, असं मला वाटलं.

"माझी काही चूक झाली का, अम्मा?" ऐयांनी विचारलं.

मी चूक लपवत नाही. विद्यार्थ्यांची नाही, कोणाचीच नाही. खडूने जमिनीवर त्रिकोण काढून मी त्यांना सगळं समजावलं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "मुलगा फोनवर सांगायचा, अप्पा, अशी चालू करू नका. मला वाटलं, त्याला पूजेचा कंटाळा. तो तसलाच आहे ना!" हसायला गेले आणि मध्येच थांबले. "मग आता भंगारच?"

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "आत्या, खाली ये. आत्ताच्या आत्ता."

या वयात मी सिमेंटवर आडवी झाले. टॉर्चच्या उजेडात गाडीचं पोट लख्ख दिसत होतं. आमच्या या ओल्या मुलखात दोन पावसाळ्यांत पत्रा खाल्ला जातो. इथे वेल्डिंगच्या सांध्यातसुद्धा गंज नव्हता. ऐया दर शुक्रवारी वरून पुसून थांबत नव्हते, हात पोहोचेल तिथपर्यंत खालूनही तेलाचं फडकं फिरवत होते. रेसच्या गाडीत इंजिन उघडून नवीन सील घालता येतात. कुजलेल्या सांगाड्याला मात्र औषध नसतं. मी फक्त इंजिन तपासायला आले होते, ही चूक माझी.

"घे," मी तुळजाला म्हटलं. "पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही. हा सीझन विसर."

सहा महिने तिने याच सीझनसाठी तयारी केली होती... "सरी, आत्या," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली, आणि चेहऱ्यावरचं ग्रीस पुसत उठली. घासाघीस केली नाही. किंमत मुळातच बंद इंजिनाच्या गाडीची वाटावी इतकी कमी होती.

ऐया अजून खडूच्या त्रिकोणापाशीच उभे होते. मी म्हटलं, "ऐया, इंजिन तुमच्यामुळे गेलं. आणि गाडी तुमच्यामुळे राहिली."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चूक सांगणारं पहिलं वाक्य बोलून थांबत आले. त्या शनिवारी थांबले नाही, याचं श्रेय गाडीखाली शिरलेल्या त्या पोरीला.