मठाच्या बागेतली विलायती फुलं

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा मेहकरचं जुनं देऊळ पाहायचा बेत होता. अमडापूरच्या पुढे बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "दोन घंटे तं लागतेच. तवर सरकारी बगीचा पाहून या."

नवं राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि सरकारला सुधारायला जागा हवी होती. इथे पडका गोसावी मठ सापडला. त्याचे दगड गावातल्या घरांच्या पायऱ्यांना कधीच लागले होते. उरली होती कमान आणि विहीर. तिथे बाग झाली. कमानीवर पाटी: 'फुले तोडण्यास सक्त मनाई.'

आत ओळीनं पिवळीधमक फुलं, पोटात गडद जांभळी. मी माहीतगाराच्या थाटात तिथल्या माळीणबाईंना, गंगूबाईंना, विचारलं, "हे विलायती फूल कोणतं?"

"भेंडी हाय जी ते."

पुणेकराला तोंडघशी पडायची सवय नसते. मी पाटी पुन्हा वाचू लागलो.

गंगूबाईंनी मला कमानीखाली बसवून भाकरी-भाजी वाढली. पूर्वी मठातून कुणी उपाशी जात नसे. यांचं घराणं याच विहिरीवर भाजी पिकवून मठाला पुरवायचं.

"साह्यबानं गुलाब लावाले सांगतले, ते उन्हानं जयले. मंग मी भेंडी लावली. मठ पडला म्हून लोकायची भूक थोडीच गेली? पन आज साह्यब तपासाले येऊन राह्यले. समजलं तं मले हाकलतीन."

गंगूबाई भेंड्या पहाटेच तोडत. पाटी फक्त फुलांबद्दल होती.

तेवढ्यात जीप आलीच. साहेब मुंबईचे, भेंडी त्यांनी ताटातच पाहिलेली. ओळीपुढे थबकून म्हणाले, "वा! हे काय लावलंय?"

गंगूबाईंचा हात भाकरीच्या टोपलीतच थांबला. मला ते बघवेना.

"विलायती जास्वंद," मी म्हणालो. "आमच्या पुण्यातसुद्धा दुर्मीळ."

साहेबांनी नाव वहीत उतरवलं आणि आमच्या पंगतीला बसले. भाजी दोनदा मागून घेतली. "इतकी कोवळी भेंडी कुठल्या बाजारातली हो?"

"जवळच्याच जी," गंगूबाई म्हणाल्या.

देऊळ नंतर पाहिलं. चांगलं आहे. पण घरी परतल्यावर सांगत बसलो ते पडक्या मठाचंच. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही.

पंधरा दिवसांनी गंगूबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: "साह्यबाचा हुकूम आला. जास्वंद चार वळी अजून लावा म्हनते. आता वांगे कोन्या नावानं लावू, ते कळवा."