चर्नावाकाठची बंदी

ब्रेदा पोद्लेस्निक राजधानीत, ल्युब्लियानाला, मंत्रालयात नियमांचे मसुदे लिहायची. देशात घरं कुठं बांधावीत, जंगल कुठं राखावं, कुठला डोंगर खडीसाठी फोडू नये, असले नियम. "आमची ब्रेदा कागदावर कुंपणं घालते," असं तिची आई शेजारणींना सांगे, आणि ते फारसं चूक नव्हतं.

चर्नावा नदीला महापूर आला तेव्हा ब्रेदा रजेवर गावीच होती. नदीकाठी वडलांनी उभी केलेली लाकडाची वखार आता धाकटा भाऊ यर्नेय चालवत होता. पाणी वखारीत शिरलं तसे रचलेले ओंडके हलले, तरंगले आणि धारेला लागले. खालच्या पुलाशी जाऊन ते असे काही अडकले की पुलाचं धरण झालं. तुंबलेलं पाणी मागं फिरलं आणि खालच्या वाडीत घुसलं. विन्को झागरची बायको मार्येता तळघरात काहीतरी आणायला उतरली होती. ती वर आली नाही.

वरच्या अंगाच्या दोन वखारींचेही ओंडके त्या ढिगात होते. पण पूल मोकळा करताना यर्नेयला ओंडक्यांच्या टोकांवर आपल्या वखारीच्या खुणेचा निळा पट्टा दिसला. तो तिथंच चिखलात खाली बसला. ब्रेदानं त्याला हाताला धरून उठवलं.

सरकारनं ठरवलं की पूरपट्ट्यासाठी साऱ्या देशाला एकच नियम हवा. तोवर प्रत्येक नगरपालिका आपापल्या सोयीनं परवानग्या देत होती. मसुदा ब्रेदाच्या टेबलावर आला. ती सरळ आपल्या प्रमुखांकडं गेली आणि म्हणाली, "माझ्या भावाची वखार या पट्ट्यात आहे. काम दुसऱ्या कुणाला द्या."

प्रमुखांनी चष्मा काढला. "भावाचा अर्ज आला तर तो तुझ्यापुढं येणार नाही. पण नियम तूच लिही. तू ते पाणी पाहिलंयस."

तिनं लिहिलं. पूरपट्ट्यात नवं बांधकाम नाही, पडलेलं पुन्हा उभारायचं नाही, लाकूड रचायचं नाही.

नाताळला ती घरी गेली तेव्हा यर्नेयनं दारातच हाक दिली, "या, सरकारबाई! आमच्या जेवणावर बंदी नाही ना आणली?"

आईनं नाताळची पोतित्सा, अक्रोड भरलेला गोड गुंडाळी-पाव, कापून पुढं ठेवली. कुणी हात लावला नाही.

"दुसरीकडं जागा बघ, यर्नेय," ब्रेदा म्हणाली.

"कुठं? या दरीत सपाट जमीन नदीनंच दिलीय. वर सगळा उतार. आणि सपाट तुकडा निघालाच, तर तो नगरपालिकेचा."

"मग काय, पुन्हा तिथंच ओंडके रचणार?"

त्याचा चेहरा उतरला. "ते तू मला विचारू नकोस," तो म्हणाला आणि कोट चढवून बाहेर पडला.

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला मंत्रालयाची माणसं दऱ्याखोऱ्यांतून फिरली. चर्नावाच्या लोकांची सभा गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. ब्रेदा पुढच्या टेबलाशी बसली होती. लोकांनी तिला धारेवर धरलं. "राजधानीत बसून आमच्या जमिनीवर रेघा मारता!" एकानं सुनावलं. "इथलंच मीठ खाल्लंस ना गं?" दुसरी म्हणाली. यर्नेय शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता.

मग विन्को झागर उठला. तो पुरानंतर चारचौघांत कधी बोलला नव्हता.

"नियम बरोबर आहे," तो म्हणाला. "काठावर लाकूड नको. पण त्यात 'जा' एवढंच लिहिलंय. 'कुठं जा', ते नाही." त्यानं मागं न पाहताच यर्नेयकडं हात केला. "याला जागा दिली नाहीत तर हा काय करील? आज ना उद्या काठावरच येईल. पोट आहे त्याला. मला तो तिथं नकोय. म्हणून म्हणतो, आधी जमीन द्या, मग बंदी घाला."

यर्नेय दार ढकलून बाहेर गेला. ब्रेदाला उठता येईना. तिनं विन्कोचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. लिहिताना तिला वाटलं, हे आपल्याला सुचायला हवं होतं, आणि भाऊ तर हेच सांगत होता.

पर्यायी जमिनीचं कलम तिनं मसुद्यात घातलं. अर्थखात्यानं ते परत पाठवलं. 'जमीन द्यावी लागेल' ऐवजी 'जमीन देता येईल' करा, असा शेरा होता.

"देता येईल म्हणजे कुणीच देणार नाही," ती बैठकीत म्हणाली.

"ब्रेदाबाई, सबंध देशाचा बोजा आहे हा," अर्थखात्याचा माणूस म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचंही खरं होतं.

पुष्कळ ओढाताण झाली. अखेर मंत्रिमंडळानं मान्य केलेल्या नियमात 'द्यावी लागेल' राहिलं, पण परवानगी असलेल्या बांधकामांपुरतंच. यर्नेयची लाकूड वाळवायची मोठी शेड बिनपरवाना होती. वखारीच्या बदल्यात त्याला चर्चमागच्या माळावर नगरपालिकेची जमीन मिळाली, शेडच्या बदल्यात काहीच नाही. हे ब्रेदानं स्वतः जाऊन त्याला सांगितलं.

"तूच लिहिलंस?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

वखार उतरवायला ती रजा काढून गेली. यर्नेय शिडीवर चढून तुळयांचे खिळे उपटत होता. तिला पाहून तो खाली उतरला नाही.

"नुसती उभी काय राहिलीस? ते टोक धर," तो म्हणाला.

तिनं धरलं. दिवसभर दोघांनी वडलांच्या तुळया उतरवल्या. विन्कोनं आपला ट्रॅक्टर भाच्याबरोबर पाठवला. स्वतः आला नाही.

माळावर वारा फार, आणि लाकूड वाळवायला शेड नाही. धंदा पहिल्यासारखा चालला नाही. यर्नेयनं एक माणूस कमी केला, पण वखार टिकली.

पुढच्या वसंतात चर्नावाला पाणी चढलं. रिकाम्या काठावर पसरलं, गवत आडवं करून ओसरलं. गावात त्याबद्दल कुणी बोललंही नाही.