तुळजाक्का आणि रेशमी साडीचं खोकं

एखाद्या गवयाला तुम्ही चार पैसे देता, तेव्हा तुम्हाला गाणं ऐकायचं असतं की त्याच्या तोंडून स्वतःचं नाव? खरं सांगा.

दक्षिणेत दारासुरमला आमच्या शेजारी राहणाऱ्या तुळजाक्का तिथली जुन्या वळणाची मराठी बोलत. दर शुक्रवारी त्या दोन फोन काढत. एकावरून त्यांचं गाणं थेट जगभर दिसे. दुसऱ्यावर ऐकणाऱ्यांचे पैसे येत. तो फोन त्या वडिलांच्या पितळी चंबूत टाकत आणि वर झाकण ठेवत. गाणं चालू असताना तो आत घोरत पडे.

वडील उंछवृत्तीचे भागवत. गल्लोगल्ली गात जायचं, दारात कोणी तांदूळ घातले तर चंबूत घ्यायचे, कोण किती घालतो ते बघायचं नाही. अक्कांनी फक्त गल्ली लांबवली. मैफली भरवणाऱ्या संगीतसभांमध्ये त्या गात नसत. म्हणत, "सभावाले शाल घालतात. शाल शिजत नाही गं!"

पैशांचा हिशेब मी बघे. कुंभकोणमच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानाचे मालक सगळ्यांत जास्त देत. त्यांच्याच जोरावर मृदंग वाजवणारे कलियमूर्ती दर शुक्रवारी येऊ शकत. एकदा मालक स्वतःच साडीचं खोकं घेऊन हजर झाले.

"अक्का, ही नेसून गा. आरंभी दुकानाचं नाव घ्या. दोनदा पुरे."

"आणि देवाचं किती वेळां घेऊं?"

"ती तुमची मर्जी."

"उपकार जाले! बसा, कॉफी घ्या. साडी परत न्या. माझा गळा म्हणजे तुमच्या दुकानाची काच नव्हे."

"मग मृदंग कसा परवडतो ते बघू," मालक म्हणाले. कॉफी मात्र तळापर्यंत प्यायले.

त्यांचे पैसे बंद झाले. पुढच्या शुक्रवारी कलियमूर्ती पोटासाठी एका लग्नात वाजवायला गेले. अक्का मांडीवर ताल धरून गायल्या. लय रागाने धावत होती.

मी पेटून मालकांविरुद्ध पत्रक लिहिलं. अक्कांनी चष्मा लावून वाचलं.

"पोरी, ह्यांत त्याच्या दुकानाचं नाव पानोपानी आहे. तो बिचारा दोनदाच मागत होता! फाड हें. मृदंग हवा, तर मृदंग माग."

फाडलं. ऐकणाऱ्यांना एवढंच कळवलं, की मृदंग गेला आहे. काहींनी थोडं वाढवलं, काही नवे आले. मी गाव सोडलं तेव्हा कलियमूर्ती एका शुक्रवारी अक्कांकडे, दुसऱ्या शुक्रवारी लग्नात, असे वाजवत होते.

म्हणून सरळ मागते. ज्यांचं गाणं तुम्ही रोज फुकट ऐकता, त्यांना आजच काहीतरी पाठवा. सभेमार्फत नको, दुकानामार्फत नको, थेट त्यांच्या हातात. त्यांच्या मृदंगवाल्याला शुक्रवारी लग्न शोधावं लागू नये, इतपत तरी.