आप्पांच्या मनगटावरचा पट्टा

आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही. कुणी विचारलंच तर माणूस तोंड वाकडं करून मागे फिरतो, उंबऱ्याच्या आत येऊन टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग नव्याने निघतो. याला हटकणं म्हणतात. लहानपणी मी फार हटकायचे. पाहुणे, भटजी, गुरं बघायला आलेले दलाल, कुणालाही सोडलं नाही, आणि प्रत्येकाबद्दल आईचा मार खाल्ला. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या रामनगरात, दिवसभर ट्रक आणि बसच्या धुरळ्यात राहूनही आईने हा नियम कधी मोडला नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, चप्पल घालायला लागले की ती मुद्दाम दुसरीकडे बघायची.

त्यामुळे बेळगावच्या दवाखान्यात तो पट्टा पहिल्यांदा ओरडला तेव्हा सगळ्यात जास्त दचकली ती आई.

आप्पांचं विसरणं आधीपासूनच होतं. चहा झाल्यावर चहा मागणं, मला आत्याच्या नावाने हाक मारणं, इथपर्यंत आम्ही ते थट्टेवारी नेलं. मग एका पावसाळ्यात ताप आला, अंगातलं सोडियम उतरलं आणि आप्पा पार भ्रमिष्टासारखं बोलू लागले. बेळगावला नेऊन मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्याच दिवशी ते सलाईन उपसून चालू लागले. वॉचमनला सापडले तेव्हा खाली गाड्या लावतात तिथे उभे राहून गावाकडची बस कुठे लागते ते विचारत होते.

गाव म्हणजे रामनगर नव्हे. सुप्याला धरण झालं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारने आम्हाला इथे आणून वसवलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, मला काही आठवत नाही. आप्पा कर्ते होते. भाताची खाचरं, देवळापुढचा फणस, नदीचा उतार, सगळं त्यांनी बुडताना पाहिलं आणि नंतर चाळीसएक वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विसरायला लागले तेव्हा मधली वर्षं आधी विसरले. गाव तेवढं राहिलं. आणि माणूस दवाखान्यात आजारी पडलेला असला की त्याला घरी जावंसं वाटतंच.

म्हणून तिथल्या नर्सने त्यांच्या डाव्या मनगटाला पट्टा बांधला. खानापूरकडची पोरगी, गोड बोलणारी. पट्टा दिसायला घड्याळासारखा, पण तबकडीच्या जागी नुसतं पांढरं बटण. आत छोटा ट्रान्समीटर आहे, तो सारखा आपली खूण हवेत सोडत असतो, असं तिने समजावलं. वॉर्डच्या दाराशी आणि लिफ्टपाशी ती खूण पकडणारी यंत्रं बसवलेली. पट्टेवाला माणूस जवळ आला की दार आपोआप कुलूप लावून घेतं आणि नर्सच्या टेबलावर भोंगा वाजतो. वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात हेच बारक्या बाळांच्या घोट्याला असतं, कुणी बाळ उचलून नेऊ नये म्हणून. आप्पांना तान्ह्या बाळांच्या रांगेत बसवलेलं पाहून मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

पहिल्या दुपारी आप्पा दाराशी गेले, भोंगा वाजला, दार बंद झालं. नर्स धावत आली आणि तिने सहज विचारलं, "आजोबा, कुठं चाललायसा?"

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, की ही कुणाच्या घरची, हिला काही शिकवलंय की नाही. पण मुकाट्याने मागे फिरले, कॉटवर येऊन टेकले, तांब्यातलं पाणी घोटभर प्यायले आणि पुन्हा दाराकडे निघाले. पुन्हा भोंगा. पुन्हा कॉट, पुन्हा पाणी. दुपारभर हे चाललं. नर्सला वाटलं आजोबांना तहान फार लागते, म्हणून तिने ते कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. मी तिला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मीही हसले. आई हसली नाही. आप्पा बरोबर करत होते, त्यात हसण्यासारखं काय होतं?

आई रोज वर जाऊन बाळं बघून यायची. एकदा वरून असा काही भोंगा झाला, की आमच्या मजल्याचीही दारं धडाधड बंद झाली. झालं होतं एवढंच, की कुणा आजीने नातवाच्या घोट्याचा पट्टा ओढून सैल केला होता. तिथे तिला काळा दोरा बांधायचा होता. पट्टा कातडीपासून सुटला तरी ओरडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई खाली आली ती भारावूनच. "ह्याला कळतंय बघ," ती आप्पांच्या मनगटाकडे बघत मला म्हणाली. पुढे जे झालं त्याचं मूळ मला त्या वाक्यात दिसतं. पण तेव्हा मला बरंच वाटलं, की आईला कशाचा तरी धीर आला.

घरी सोडायच्या दिवशी पट्टा कापून काढला. त्याखालची कातडी पांढरी पडली होती. मी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला गाठलं आणि असला पट्टा विकत मिळेल का म्हणून विचारलं. तो बेळगावचाच, जरा अघळपघळ. म्हणाला, "पट्टा नुसता बोलतोय वो बाई. ऐकणारी दारं भिंतीत हाईत. घरी नेऊन काय करणार?"

आमच्या घराला दोन दारं. पुढचं रस्त्याकडे आणि मागचं न्हाणीकडे. दोन्ही दिवसभर उघडी असतात. दिवसा दार लावून बसणं आमच्या गल्लीत वाईट दिसतं, घरात काहीतरी झालंय असं लोकांना वाटतं. मी शाळेत शिकवते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तेव्हा मी दुसरा मार्ग काढला. सिमकार्ड घालायचं एक घड्याळ मागवलं. ते माणूस कुठे आहे हे माझ्या फोनवरच्या नकाशावर ठिपक्याने दाखवतं. आप्पांनी ते विनातक्रार बांधून घेतलं. मनगट पुढे करायची त्यांना सवयच झाली होती. रोज संध्याकाळी मी ते काढून चार्जिंगला लावायचे आणि सकाळी पुन्हा बांधायचे. आईला मी सगळं समजावलं. हे दवाखान्यातलं नव्हे, हे ओरडत नाही, नुसतं मला दिसतं, रेंज असेल तर दिसतं. आई व्हय व्हय म्हणाली. मुलं गणित कळल्यावर मान हलवतात आणि न कळल्यावर जरा जास्त हलवतात. माझी उभी हयात मुलांना शिकवण्यात गेली, पण घरची मान मला ओळखता आली नाही.

आप्पा सुधारले, निदान तसं वाटलं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन तंबाखू आणायचे आणि बरोबर घरी यायचे. थोडं चालू दे, असं डॉक्टरही म्हणाले होते. मी वर्गात बसून मधल्या सुट्टीत ठिपका बघायचे. ठिपका दुकानाशी, ठिपका घरी. मला त्या ठिपक्याची माया लागली होती, खोटं कशाला सांगू.

दसरा झाला, कापण्या सुरू झाल्या. त्या सकाळी आई अंगणात भात वाळत घालत होती. आप्पा कोट घालून, टोपी घालून बाहेर आले. तंबाखूला जाताना ते कोट घालत नसत. आईने ते बघितलं. कुठं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, असं ती नंतर पन्नासदा सांगत होती. पण निघालेल्या माणसाला कसं विचारायचं? आणि हाताला घड्याळ होतंच. लांब गेले तर ते ओरडेल, कुठलं तरी दार बंद होईल, कुणीतरी धावत येईल. ती एवढंच म्हणाली, की आभाळ हाय, छत्री घ्या. आप्पा मागे फिरले, छत्री घेतली आणि गेले.

नळावरच्या बायकांनी त्यांना पाहिलं. पानवाल्याने पाहिलं. आमच्याच बुडालेल्या गावचे एक म्हातारे स्टँडवर पेपर वाचत बसले होते, त्यांनी पाहिलं आणि नमस्कारही केला. एकानेही विचारलं नाही. सगळी चांगल्या वळणाची माणसं. विचारलं ते फक्त बसच्या कंडक्टरने, कारण त्याला तिकीट फाडायचं होतं. तो हुबळीकडचा, नवा. एल्लिगे, कुठं जायचं, म्हणून त्याने विचारलं आणि आप्पांनी गावाचं नाव सांगितलं. मशीनमध्ये ते नाव सापडेना. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं, की गणेशगुडीचं दे, म्हातारे पाणी बघायला चाललेत. आमच्यातले म्हातारे जातात तसे. धरणाच्या काठाला जाऊन बसतात, भाकरी खातात, संध्याकाळच्या बसने परत येतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मधल्या सुट्टीत मी फोन उघडला तर ठिपका रामनगरच्या बाहेर, जंगलातल्या रस्त्यावर. हलत नव्हता. माझा जीव थोडा भांड्यातही पडला, म्हटलं दमून बसले असतील कुठेतरी. हेडमास्तरांना सांगितलं, ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला घेतलं आणि निघाले. अख्ख्या वाटेत मी आप्पांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. बोलणी बरीच साचली होती.

तिथे पोचलो. एक वळण, एक मैलाचा दगड, दोन्ही बाजूंना साग. माकडं होती. मी फोन बघत पुढेमागे चालले, अगदी ठिपक्यावर जाऊन उभी राहिले. आप्पा तिथे नव्हते. तिथे रेंज संपत होती, एवढंच. त्या जागेनंतर घड्याळाचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं. मला बेळगावचा तो माणूस आठवला आणि मी रस्त्यात मोठ्याने शिवी दिली. टेम्पोवाला लांब जाऊन उभा राहिला.

पुढचं सगळं कंडक्टर परतीच्या फेरीला भेटला तेव्हा कळलं. गणेशगुडीच्या अलीकडे, झाडांतून पाणी दिसतं तिथे, आप्पांनी बस थांबवायला लावली होती. उतरताना त्यांनी कंडक्टरला हात जोडले.

पोलीस आले, फॉरेस्टचे गार्ड आले. तरंगत्या रबरी बोटींतून पर्यटकांना फिरवणारे लोक आपली कामं टाकून आले आणि पाणी धुंडत राहिले. छत्री सापडली. काठावरच्या जांभळाला नीट टेकवून ठेवलेली, मिटून, बंद लावून. बाकी काही नाही. पाऊस संपून धरण तुडुंब भरलं होतं. आमचं गाव तिथून आत कुठेतरी, खूप खाली. कुणी म्हणालं रानात गेले असतील, कुणी काही म्हणालं नाही. घड्याळाचा नंबर मी अजून लावते. बाई कानडीत सांगते, की तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

देह नाही म्हणून दिवस घातले नाहीत. भावकी म्हणते घाला, आई म्हणते कशाचे. तिने कुंकू पुसलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी एकटीच जाऊन आले. भेगाळलेला चिखल, झाडांची खोडं, देवळाचं जोतं. आप्पांचं गाव मी पहिल्यांदा पाहिलं. तिथे राहण्यासारखं काही नव्हतं आणि तिथे कुणी नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागाचं काय करायचं हे मला आजही कळत नाही.

आई आता पुढच्या दारात बसते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, कुठं चाललायसा. जन्मभर जे तोंडातून काढलं नाही ते आता दिवसभर काढते. सुरुवातीला लोकांनी मान राखला. आमच्या ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, मग पुढे गेले. पण लग्नाची बोलणी करायला निघालेल्यांना, कोर्टाच्या तारखेला निघालेल्यांना हे परवडत नाही. हळूहळू गल्लीतले लोक मागच्या वाटेने जायला लागले. आता आमच्या दारावरून फक्त परगावचे जातात, आणि ती त्यांनाही विचारते.

सकाळी मी शाळेला निघाले की मलाही विचारते. मी आत येते, टेकते, पाणी पिते. पुन्हा निघताना ती माझं मनगट धरते.

"वाटंत ते दिसले तर विचार हं, कुठं चाललायसा म्हणून," ती म्हणते. "लाजू नको. विचारच."

मी व्हय म्हणते आणि शाळेला जाते.