दिगू देवमाणूस नव्हता

दिगू गेल्याचा पहिला फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "अहो, देवमाणूस गेला!" मी अर्ध्या दाढीनिशी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरांकडे धावलो, कारण माझ्या ओळखीत देवमाणूस म्हणावा असा तो एकच. डॉक्टर स्वतःच दारात उभे राहून दात घासत होते. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही," मी म्हटलं. तेवढ्यात दुसरा फोन आला, "उपासनींसारखा सज्जन पुन्हा होणे नाही..." तेव्हा कुठे कळलं, आपला दिगू गेला. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला संताप आला. ज्याने आयुष्यभर अख्खं नाशिक शिंगावर घेतलं, त्याचं अंग पुरतं गार व्हायच्या आत या लोकांनी त्याला सज्जन करून टाकलं होतं.

हल्लीच्या पोरांना दिगंबर उपासनी म्हणजे स्टेजवरचा पांढऱ्या दाढीचा चावट म्हातारा. त्याआधी त्याने पुस्तकं लिहिली आणि त्याच्याही आधी 'खाजकुयली' नावाचं मासिक काढलं. कचेरी एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. त्यामुळे आम्ही सगळे पंचविशीतच पिकल्यासारखे दिसायचो, आणि मुली बघायला जायच्या आधी मला दोनदा अंघोळ करावी लागायची. दिगू रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरातला, आणि पहिल्याच अंकात त्याने झोडपलं ते स्वतःच्या वडिलांना, यजमान बघून दक्षिणेचा आकडा कसा फुगतो यावर. अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी वडील धोतराचा सोगा हातात धरून जिना चढून आले. कचेरीत खुर्ची एकच होती, लोखंडी, घडीची, कुणाच्या तरी लग्नातून मांडववाल्याची आलेली आणि परत जायची विसरलेली. वडील त्या खुर्चीत बसले आणि असे कडाडले की खाली गिरणीवाल्याने पट्टा तुटला समजून मोटार बंद केली. दिगू समोर जमिनीवर मांडी घालून सगळं लिहून घेत होता. वडील दमल्यावर म्हणाला, "बाबा, सुरुवात झकास आहे, पण शेवट पडतोय. नालायक काय, सगळेच म्हणतात."

आणि मग बापलेक संध्याकाळपर्यंत त्या शेवटावर बसले! पुढच्या अंकात छापून आलं, "या कार्ट्याने मंत्र पाठ केले असते तर लोक दक्षिणा देऊन याला भ्याले असते. आता फुकट भितात." तिथून रिवाज पडला. ज्याची टर उडवली, त्याने यायचं, खुर्चीत बसायचं, दिगूला सोलून काढायचं. दिगूने ते घासूनपुसून अधिक धारदार करायचं आणि 'उलटटपाल' या सदरात छापायचं. त्यावर स्वतः एक अक्षर बोलायचं नाही. "मारायचं तर खायची जागा ठेवून मारायचं, सुऱ्या," हे मला ऐकवलेलं त्याचं एकमेव तत्त्व. दुसरं मी आयुष्यभर शोधलं, सापडलं नाही. तोंडाला काळं फासायला पंधरा-वीस जण आले, तेव्हाही त्याने त्यांना आधी खुर्ची दाखवली आणि मग डबा हुंगून म्हणाला, "ऑइलपेंट? अरे, फोटोत चकाकतं ते. समोरच्या छापखान्यातून शाई आणा, माझं नाव सांगा." शाई येईपर्यंत चहा झाला, चहा होईपर्यंत त्यांचा म्होरक्या खुर्चीत बसला होता.

लोकांना वाटतं मासिक दडपणामुळे बंद पडलं. शोकसभेतही कुणीतरी तसं ठोकून दिलं. साफ खोटं. मासिक बंद पडलं ते लोक खूश व्हायला लागले म्हणून. "आमच्यावर लिहा की एकदा," असं म्हणत मंडळी पेढे घेऊन माळ्यावर यायला लागली. दिगू त्या पेढ्यांकडे असा बघायचा जसा सर्जन स्वतःच्या एक्सरेकडे बघेल. "खाज थांबली रे, सुऱ्या," म्हणाला, आणि चालतं मासिक बंद केलं. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. मग पुस्तकं लिहिली. त्यांचं कौतुक झालं, म्हणून तेही सोडलं. आणि पन्नाशी उलटल्यावर हा इसम घडीची खुर्ची काखोटीला मारून स्टेजवर उभा राहिला. बसमध्ये ती खुर्ची घेऊन चढायचा. एका कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं, दिगूने ती ज्येष्ठ नागरिक असल्याचं सांगितलं म्हणून. कार्यक्रम संपला की खुर्ची पुढे ओढायचा, "ज्याला लागलं असेल त्याने यावं." देवळाली कॅम्पात एक निवृत्त सुभेदार वर आले आणि त्यांनी दिगूला असा धुतला की लोकांनी वन्स मोअर मागितला. दिगू पाया पडून म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी तुम्ही उभे राहा, मी बसतो."

हॉस्पिटलात मी त्याला शेवटचा भेटलो तेव्हा नाकात नळी होती. म्हणाला, "शोकसभेत खुर्ची ठेव. कुणीतरी बसून मला शिव्या घातल्या पाहिजेत. सगळेच गोड बोलले तर... समज, खरंच मेलो." मी म्हटलं, "काळजी करू नकोस, नाशिक आहे हे."

काय सांगू! सभेत खुर्ची होती, पण संयोजकांनी तिच्यावर दिगूचा फोटो ठेवून एवढा मोठा हार घातला होता की बसायचं तर दिगूच्या मांडीवर बसावं लागलं असतं. ज्या नगरसेवकाच्या खड्ड्यांवर त्याने खास अंक काढला होता, त्याने गहिवरून चौकाला दिगूचं नाव द्यायची घोषणा केली. चौक तोच, खड्डेही तेच! मला राहवलं नाही. उठून माइक धरला आणि सुरू झालो, "हा माणूस आळशी होता, हेकट होता, दुसऱ्याचा विनोद आपल्या नावावर खपवायचा..." तर पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. "मित्राचं प्रेम बघा," असं कुणीतरी म्हणालं, आणि एका भल्या माणसाने माझ्या हातातून माइक घेऊन पाण्याचा ग्लास दिला.

मग मी शिवी शोधत वणवण फिरलो. ज्या मिठाईवाल्याने एकेकाळी दिगूला चप्पल फेकून मारली होती, त्याच्याकडे गेलो. त्याने तो अंक फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय आणि चपलेचा किस्सा गिऱ्हाइकाला पाव किलो पेढ्यांबरोबर फुकट देतो. निफाडला एका द्राक्षबागाईतदाराकडे गेलो. दिगूने त्याच्या मुलाच्या लग्नातल्या हेलिकॉप्टरवर पाऊण तास लोक लोळवले होते. म्हटलं, हा तरी चिडलेला असेल. "लय मोठा मानूस गेला, भाऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, "शिव्या द्या ना जरा!" "नाय हो, मेलेल्या मानसाला कुठं शिव्या देत्यात? द्राक्षं न्या घरी." द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन बसने परत येताना मी दिगूलाच शिव्या घातल्या. एवढी माणसं दुखावलीस म्हणतोस, एक तरी धड दुखावायचास!

त्यातली निम्मी द्राक्षं घेऊन मी सुमनवहिनींकडे, दिगूच्या बायकोकडे गेलो. खुर्ची सभेहून परत आली होती, दिवाणखान्यात भिंतीशी, सुकलेल्या हारासकट. चहा झाला. मी आपलं रडगाणं गायलो, की अख्ख्या जिल्ह्यात दिगूवर चिडलेला एक माणूस उरला नाही. वहिनी कप उचलता उचलता थांबल्या.

"मला कुठं विचारलंत, भावजी?"

वहिनींनी फोटो उचलून टीव्हीशेजारी ठेवला, हार काढून दाराच्या कडीला अडकवला आणि त्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"खिचडी आठवते?"

कुणाला नाही आठवणार! दिगूचा सगळ्यात गाजलेला किस्सा. बायकोची साबुदाण्याची खिचडी. कढई उलटी केली तरी पडत नाही, तिने पोस्टाची पाकिटं चिकटवता येतात, एका एकादशीला त्याची कवळी तिच्यात अडकून राहिली. अख्खं सभागृह हसून हसून जमिनीवर सांडायचं.

"ती खिचडी ह्यांनी केली होती," वहिनी म्हणाल्या. "मी माहेरी होते. साबुदाणा भिजवायचा असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं, नळाखाली धरून सरळ कढईत! मी आल्यावर तीन दिवस कढई घासली. आणि स्टेजवर खिचडी माझी झाली. भिशीतल्या बायका एकादशीला म्हणतात, सुमनताई, तुम्ही नुसती केळी आणा हं. माझ्या आईची खिचडी खायला लोक नांदगावहून यायचे, भावजी. तिच्या हाताची मी शिकले, आणि गेली कित्येक वर्षं मी कुणाच्या घरी डबा नेलेला नाही."

"मग इथे... या खुर्चीत का नाही आलात कधी?"

"आले होते. साडी बदलून, रिक्षा करून आले. सभागृहाच्या दारात उभी राहिले. लोक हसत होते, अगदी पोट धरून. ह्यांनी मला पाहिलं. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, या, ज्याला लागलं असेल त्याने यावं. सगळ्यांना वाटलं, तोही विनोदच..." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "एवढ्या हसणाऱ्या माणसांत, खिचडी मी केली नाही, एवढंच सांगायला कसं चढायचं वर? परत आले. घरी आल्यावर हे म्हणाले, बसली असतीस तर मजा आली असती. मजा!"

मी खिशातून पेन काढलं. दिगूचा रिवाज माझ्याही अंगवळणी पडलेला. म्हटलं, "वहिनी, असं करू या, 'जन्मभर ज्याने लोकांना चिकटवलं, त्याला साबुदाणा मोकळा करता आला नाही...'"

"नको," त्या म्हणाल्या. "तुमची धार नको आणि ह्यांचीही नको. मी सांगते तसंच छापा."

मला आधी चीड आली. मग हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रडू आलं. एक माणूस होता म्हणायचा चिडलेला. दिगू अजून कुठेतरी लागत होता.

परवा एकादशीला वहिनींकडे गेलो तर खुर्ची स्वयंपाकघरात, ओट्याशी. तिच्यावर बसून त्या बटाटे सोलत होत्या. साबुदाणा परातीत भिजून फुललेला, दाणा दाण्याला न चिकटलेला. शेजारी तीन डबे उघडे, भिशीतल्या बायकांसाठी. आणि हे शेवटचं उलटटपाल, दिगूच्या नियमाप्रमाणे, त्यावर एक अक्षर न बोलता:

"ती खिचडी मी केलेली नव्हती. सुमन दिगंबर उपासनी."